घोडीपाशी दडलेला स्पंज : बेस गिटारच्या म्यूटचा इतिहास

१/१२
इतिहासाच्या साधनांत ताम्रपट, बखरी आणि दप्तरे यांची गणना होते. स्पंजाच्या तुकड्याची होत नाही. तरीही विसाव्या शतकातील लोकप्रिय संगीताचा खर्ज कसा घडला हे जाणून घ्यायचे, तर बेस गिटारच्या घोडीपाशी दडलेल्या अशाच एका तुकड्याकडे वळावे लागते. त्याचे नाव म्यूट. त्याविषयी हा थ्रेड.

२/१२
आरंभ १९५१ चा. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. तोवर वाद्यवृंदाचा खर्ज माणसाहून उंच अशा डबल बेसकडे असे. तो वाहून नेणे कष्टाचे आणि ड्रम-ट्रम्पेटच्या गजरात ऐकू येणे कठीण. नव्या वाद्याला पडदे होते, त्यामुळे सूर अचूक लागे. त्या अचूकतेवरूनच हे नाव आले.

३/१२
पण एक अडचण होती. डबल बेसचा बोटाने छेडलेला सूर ठसठशीत उमटतो आणि लवकर विरतो. भरीव लाकडावर ताणलेली पोलादी तार मात्र दीर्घकाळ घुमत राहते. कानांना सवय जुन्या आवाजाची. म्हणून फेंडर यांनी घोडीवरील धातूच्या झाकणाला आतून स्पंजासारखी मऊ पट्टी चिकटवली. झाकण बसवले की ती तारांवर टेकत असे.

४/१२
तार छेडली की मूळ स्वरासोबत अनेक उपस्वर उमटतात. घोडीजवळ मऊ पदार्थ टेकला की वरचे उपस्वर आधी शोषले जातात. खर्ज क्षणभर टिकून विरतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना घोडी घासून, तारेखाली सुताचा धागा सरकवून हेच उपस्वर खुलवतात. जागा तीच, काम मात्र नेमके उलट.

५/१२
एका पट्टीने चारही तारा सारख्या दबत नाहीत. जाड तारेला पुरेसा ठरणारा दाब बारीक तारेला मुकी करून टाकतो. १९६० च्या ‘जॅझ बेस’मध्ये म्हणूनच प्रत्येक तारेसाठी स्प्रिंगवर बसवलेला स्वतंत्र फेल्टचा म्यूट आला. हा प्रयोग जेमतेम काही वर्षे टिकला. पुढे पुन्हा झाकणातील फोमचीच पट्टी आली.

६/१२
रिकनबॅकर कंपनीने वेगळी वाट काढली. तिच्या ४००१ बेसच्या घोडीतच फोमची पट्टी होती आणि दोन बाजूंचे स्क्रू बोटांनी फिरवून ती खालून तारांना भिडवता येई. दाब किती असावा, हा निर्णय आता कारखान्याचा न राहता वादकाचा झाला.

७/१२
अनेक वादकांनी मात्र निर्णय आधीच घेतला होता. झाकण हाताच्या आड येई, म्हणून ते काढून टाकले जाई. त्याचे टोपणनावच ‘अ‍ॅशट्रे’ पडले. झाकणाबरोबर म्यूटही गेला. पुढे १९६६ च्या सुमारास ‘द हू’चे जॉन एंटविसल यांच्यासारख्या वादकांनी खरखरीत, झणझणीत वाजणाऱ्या राउंडवूंड तारा आपल्याशा केल्या. घुमणे हा आता दोष राहिला नाही.

८/१२
ज्यांनी झाकण काढले नाही, त्यांत डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन होते. मूळचे डबल बेसवादक. १९६२ ची प्रिसिजन, गुळगुळीत फ्लॅटवूंड तारा, त्याही शक्यतो न बदलण्याचा हट्ट, जागच्या जागी असलेला फोम आणि उजव्या हाताची एकच तर्जनी. मोटाऊनच्या असंख्य गाण्यांचा खर्ज या सामग्रीतून घडला. लॉस एंजेलिसच्या कॅरल के तारांवर फेल्टचा तुकडा ठेवून प्लेक्ट्रमने वाजवत.

९/१२
साठच्या दशकातील मोटाऊनच्या तबकड्यांवर गायकांची नावे झळकत, वादकांची नसत. १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या अल्बमवर जेमर्सन यांचे नाव छापले गेले. तोवर जगभरच्या श्रोत्यांना तो आवाज ओळखीचा झाला होता, माणूस नव्हे.

१०/१२
१९८३ मध्ये जेमर्सन वारले. वय अवघे ४७. त्याच सुमारास त्यांची ती बेस चोरीला गेली. अशा वेळी कागदपत्रे फारशी मदत करत नाहीत. फोम किती झिजला होता, किती दाबत होता, याची नोंद कोणी ठेवलेली नसते. अभ्यासकाला ध्वनिमुद्रण ऐकून, नव्या स्पंजाचे तुकडे कापून, मागे मागे चालत जावे लागते.

११/१२
आजचे वादक तेच करतात. तारांखाली, घोडीला अगदी लागून फोमची पट्टी सरकवायची. ती घोडीपासून दूर गेली की स्वर मरतो. फार जाड असली की तार उचलली जाऊन सूर चढतो. बारीक तारांकडे पट्टी उतरती कापली की चारही सूर समतोल होतात. खुद्द फेंडर यांच्या सहभागातून घडलेल्या १९७६ च्या म्युझिक मॅन ‘स्टिंगरे’तही स्क्रूने जुळवता येणारे चार स्वतंत्र म्यूट परतले होते.

१२/१२
सुरुवातीच्या जॅझ बेसवर म्यूट उरला नसला, तरी लाकडातील स्क्रूची भोके बहुधा उरतात. कोणी ती हौसेने बुजवून वर रंग चढवतो. वाद्य देखणे होते आणि पुरावा नाहीसा होतो. जुने वाद्य हाती आले तर त्यात बदल जरूर करावा, कारण म्यूटचा सारा इतिहास बदलांचाच आहे. काढलेला भाग मात्र पेटीत जपून ठेवावा. चुरा होत आलेला फोमसुद्धा.