पेटीतले कागद

‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’चे खंड तिरोड्याजवळच्या आमच्या विहारात एका दमात आले नाहीत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचं, स्टॉलपुढच्या रांगेत लागायचं, जो खंड मिळेल तो घ्यायचा आणि मिळेल त्या गाडीने गोंदियाकडे परतायचं. पहिला खंड 14 एप्रिल 1979 चा, पण आमच्याकडे तो तिसऱ्या-चौथ्यानंतर पोचला. मी शाळामास्तर, म्हणून वर्गणी आणि वाचन दोन्ही माझ्या गळ्यात.

रविवारी संध्याकाळी वाचायचो. एक परिच्छेद इंग्रजी, मग त्याचं तोंडी मराठी. सगळ्यात पुढे आबाजी. 1954 च्या भंडारा लोकसभा पोटनिवडणुकीत त्यांनी बाबासाहेबांना मत दिलेलं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच. बाबासाहेब 8,381 मतांनी पडले, काँग्रेसचे भाऊराव बोरकर आले. मतदारसंघ दोन जागांचा, माणशी दोन मतं. ती दुसरी मतं कुठे गेली, याचा हिशेब आबाजी अजून मांडत बसायचे.

भाषणांचा खंड काढू का, असं मी विचारलं. मो. फु. गांजरे यांनी नागपुरातून छापलेली भाषणं त्यांनी केव्हाच वाचून घेतली होती. “भासनं लोकायनं आयकली हायेत, मास्तर. तुमी पेटीतलं वाचा.”

पेटीतलं म्हणजे बाबासाहेब गेल्यावर दिल्लीत कोर्टाच्या ताब्यात अडकलेले त्यांचे कागद. 1976 मध्ये महाराष्ट्र शासनाने समिती नेमली, नागपूरचे वसंत मून संपादक झाले आणि कागद सुटले. त्यातलं अप्रकाशित लिखाण तिसऱ्या खंडापासून येऊ लागलं. अर्धवट प्रकरणं, सुटी पानं, आराखड्यात नाव आहे पण मजकूर नाही अशी शीर्षकं. मून यांनी ही भोकं बुजवली नाहीत, हे मला त्यांचं मोठं काम वाटतं. बौद्ध धम्माच्या ऱ्हासावरच्या निबंधाला त्यांची टीप आहे: फायलीत पाचच पानं सापडली, तीही न तपासलेली, पूर्ण प्रत एस. एस. रेगे यांच्याकडून मिळाली, 18 टंकलिखित पानांची, बाबासाहेबांच्या हातच्या दुरुस्त्यांसह. रेगे म्हणजे सिद्धार्थ कॉलेजचे ग्रंथपाल.

टीप ऐकून आबाजींनी निबंध मध्येच थांबवला. “म्हंजे पेटीच्या बाहेरबी हाये. मंग आपल्या इकडं कोनाकडं काई नसन काय?”

चौथ्या खंडावर मात्र भांडण झालं. 1987 चा हा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. राम-कृष्णावरचं 49 पानी टंकलिखित मूळ अनुक्रमणिकेत नव्हतं, म्हणून संपादकांनी ते परिशिष्टात टाकलं आणि तसं नोंदवलं. ते काढा म्हणून राज्य पेटलं, ते राहावं म्हणून 1988 च्या फेब्रुवारीत मुंबईत लाखोंचा मोर्चा निघाला आणि परिशिष्ट राहिलं. फक्त खाली एक ओळ आली, या प्रकरणातल्या मतांशी शासन सहमत नाही. आमच्या पोरांना ती ओळ पेनाने खोडायची होती. मी खोडू दिली नाही. वर्गणीचं पुस्तक आहे, एवढंच कारण तेव्हा सांगितलं.

आबाजींचा प्रश्न मात्र लोकांच्या डोक्यात बसला. लग्नाच्या ट्रंकांतून, पोथ्यांच्या फडक्यांतून कागद येऊ लागले. त्यात वर्गणीच्या पावत्या, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचं एक पत्रक, वाळवीने अर्धं खाल्लेलं. मी वही घातली: कागद कुणाच्या घरचा, कुणी जपला, पानं किती, कुठे फाटलंय. तारीख नसेल तर अंदाज लिहायचा नाही, हे मून यांच्याकडून उचललं.

एकाने काँग्रेसचं 1954 चं पत्रक आणलं. पोरं म्हणाली, हे कशाला आपल्या कपाटात? आबाजी बिडीचं पान कातरत होते, मान वर न करताच बोलले, “ठेवा तेबी. आमाले कोनं पाडलं, ते पोरायले कसं समजन?”

वहीत त्याचा नंबर अकरा.