नाचणीची वाळू

नोकरी करणाऱ्यांनी कुत्र्याचं पिल्लू आणू नये, असं जाणती माणसं सांगतात. मला ते पटत नाही. नाचणी आमच्याकडे आली तेव्हा मी मुसफ्फातल्या एका वर्कशॉपच्या अकाउंट्समध्ये पूर्ण वेळ कामाला होते. नवरा रुवैसला, अबुधाबीपासून दोन-अडीचशे किलोमीटरवर, त्यामुळे घरी फक्त शनिवार-रविवार. लेक सहावीत. म्हणजे दिवसाचे बरेच तास घराला कुलूप. तरी ती नीट वाढली, मनात कसलीही भीती न घेता वाढली. ते कसं जमलं, हे सांगण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं.

आम्ही राहतो ती मोहम्मद बिन झायद सिटी अबुधाबीच्या बेटावर नाही, मुख्य भूमीवर आहे. वाळवंटात आखून बसवलेली व्हिलांची वस्ती. शेजारी शाबियाची वस्ती आणि तिला लागून मुसफ्फाची औद्योगिक वसाहत. उंच कंपाउंडच्या आत मालकाचा व्हिला असतो, आणि त्याच आवारात मागच्या अंगाला भाड्याने दिलेल्या दोन-तीन खोल्यांना इकडे मुल्हक म्हणतात. आमचा मुल्हक तसाच. दोन खोल्या, स्वयंपाकघर, स्वतंत्र दार आणि दारापुढे फरशी घातलेलं चिमुकलं अंगण. मालकांची खजुराची दोन झाडं भिंतीवरून अर्धी आमच्याकडे कललेली. व्हिलांच्या मधूनमधून रिकामे प्लॉट असतात, त्यांत नुसती वाळू. ह्या वाळूनेच पुढे आमचं काम केलं.

मुसफ्फाच्या शेडमागे भटक्या कुत्र्या वितात. ट्रेलरखाली, जुन्या पाइपांत, जिथे सावली मिळेल तिथे. त्या कुत्र्यांत सलुकीचं, म्हणजे इकडच्या शिकारी जातीच्या कुत्र्याचं, रक्त बरंच मिसळलेलं दिसतं : निमुळतं तोंड, आत गेलेलं पोट, लांब पाय. २०२२च्या जानेवारीत आमच्या यार्डातल्या एका कुत्रीला पिल्लं झालेली होती आणि वेल्डिंगची पोरं त्यांना डाळीत कुस्करलेला खुबूस, म्हणजे इथली रोटी, घालत होती. ट्रेलर हलवायची वेळ आली तेव्हा पिल्लं वाटली गेली. फोरमनने एक उचललं, स्टोअरच्या नेपाळी मुलाने एक, आणि उरलेली मादी मी घरी आणली. रंग थेट नाचणीच्या भाकरीचा. लेकाने तेच नाव ठेवलं.

मी जत तालुक्यातली. आमच्याकडे धनगरवाड्यांवर, मळ्यांत करवानी कुत्री असतात. सीमेपलीकडच्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ह्याच कुत्र्यांची जोपासना केली म्हणून पुढे त्यांना मुधोळ हाउंड हे नाव मिळालं, २००५ साली त्यांच्यावर टपाल तिकीटही निघालं. ही जात पश्चिम आशियातून आलेल्या सलुकीसारख्या शिकारी कुत्र्यांपासून उतरली, असं मानतात. आजोबांच्या मळ्यावर असली कुत्री पाहत मी वाढले. ही कुत्री नजरेने शिकार करतात, वाऱ्यासारखी पळतात आणि मनाने फार हळवी असतात. एकदा ओरडलं की दिवसभर जवळ येत नाहीत. नाचणीला कसं वागवायचं, ह्याची निम्मी शिकवणी मला तिथेच मिळाली होती.

घरमालकीणबाईंची परवानगी आधी घेतली. इथे ते शिष्टाचारापेक्षा जास्त आहे. बऱ्याच मुसलमान घरांत कुत्र्याची लाळ अपवित्र मानतात, नमाजाच्या कपड्यांना ती लागली तर कपडे धुवावे लागतात. पण सलुकीची गोष्ट वेगळी. बेदुइन लोकांनी तिला शिकारीची सोबतीण म्हणून तंबूत जागा दिली, आणि ह्या देशात आजही ससाण्याबरोबर सलुकीचाही मान आहे. बाईंनी पिल्लाचं तोंड निरखलं, कानांना हात न लावता ते लांबूनच पाहिले आणि दोन अटी घातल्या. पुढच्या दाराकडे ते यायचं नाही, आणि घरातली पुरुषमंडळी मशिदीत जायला निघतात त्या वेळी ते बाहेर काढायचं नाही. मला त्या अटी अगदी रास्त वाटल्या, आजही आम्ही त्या पाळतो.

आईने मात्र व्हिडिओ कॉलवर पिल्लू पाहिलं आणि पहिलंच वाक्य बोलली, ‘‘अगं, मुकं जनावर ते. दिवसभर कोंडून घालणार असशील तर आत्ताच कुणाला तरी दे.’’

तिचं म्हणणं खरं होतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोन-तीन तासांवर लघवी धरवत नाही. महिन्यागणिक साधारण एक तास वाढतो, एवढंच. मी साडेसातला घर सोडायची, म्हणजे दुपारपर्यंत पाच तास. हे पाच तास पिल्लाने धरून ठेवावं अशी अपेक्षाच चुकीची. तेवढी ताकद त्याच्या अंगात नसते. म्हणून पहिल्याच दिवशी मी ठरवलं की त्याला धरायला लावायचं नाही, करायला हक्काची जागा द्यायची.

बाजारात त्यासाठी पॅड मिळतात. नाचणीने पॅड फाडले, त्यांतला कापूस घरभर केला आणि लघवी दाराच्या पायपुसण्यावर केली. आमच्याच स्टोअरचा तो नेपाळी मुलगा म्हणाला, ‘‘दीदी, ये तो रेत में पैदा हुई है.’’ त्याच्या बोलण्यात सगळं आलं. पिल्लं सात-आठ आठवड्यांची होईस्तोवर पायाखाली जे लागतं, ते त्यांच्या मनात ‘करायची जागा’ म्हणून बसतं. माती असेल तर माती, गवत असेल तर गवत. हिच्या पायाखाली वाळू होती. मी कपडे भिजवायचं एक पसरट घमेलं घेतलं, शेजारच्या प्लॉटवरची वाळू चाळून त्यात भरली आणि मोरीच्या कोपऱ्यात ठेवलं. जेवणानंतर पाऊण तासाच्या आत तिला त्यात उभं केलं. तिने वाळू हुंगली, पुढच्या पायांनी जरा उकरली, गोल फिरली आणि बसली. लेकाने तेवढ्यावर टाळ्या पिटल्या आणि ती दचकून अर्ध्यात उठली. मग त्याला सांगितलं, तिचं होऊ दे, मग हळू आवाजात शाबासकी दे आणि लगेच हातावर उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेव. लगेच म्हणजे तिथल्या तिथे. स्वयंपाकघरात जाऊन आणेपर्यंत पिल्लाला शाबासकी कशाची ते उमगत नाही.

झोपून उठली की, खाल्लं की, खेळून दमली की, ह्या तीन वेळा चुकवायच्या नाहीत. लेकाने फ्रिजवर वही लटकवली आणि तो प्रत्येक वेळ लिहू लागला. त्या वहीतून एक गोष्ट दिसली : ती हुंगत जमिनीला नाक लावून गोल फिरायला लागली की हाताशी फार थोडा वेळ उरतो. ते फिरणं ओळखायला तो माझ्याआधी शिकला.

घरात झालंच तर आवाज न करता पुसायचं. पुसायला अमोनिया असलेलं क्लीनर चालत नाही, कारण त्याचा वास लघवीशी जुळतो आणि पिल्लू तिथेच परत जातं. लघवीचा अंश मोडणारं एन्झाइमचं द्रावण प्राण्यांच्या दुकानात मिळतं, ते वापरावं. आपल्याकडे पिल्लाचं नाक त्यात घासायची रीत आहे, ती मी लहानपणी पाहिलेली आहे. तो निव्वळ क्रूरपणा आहे. त्याने पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही; मग ते सोफ्यामागे लपून करतं आणि बाहेर नेल्यावर आपल्यापुढे करतच नाही.

खरा प्रश्न दुपारचा होता. साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली की मी गाडी काढायची. मुसफ्फातून घर जवळ, पण दुपारच्या ट्रकांच्या रांगेत वेळ जातो. दार उघडायचं, तिला घमेल्याकडे न्यायचं, वाळू बदलायची, खायला घालायचं, पुन्हा घमेल्याकडे न्यायचं, मांडीवर थोडं घ्यायचं. माझा डबा मी गाडीतच खायची. महिनाअखेरीला, व्हॅटच्या रिटर्नच्या दिवसांत, मला उठताच येत नसे. त्या दुपारी शेजारच्या मुल्हकातल्या मल्याळी चेचीने, म्हणजे ताईने, सांभाळल्या. चेची घरी बसून ब्लाउज शिवते. तिच्याकडे मी आमची एक किल्ली दिली. तिला कुत्र्यांची भीती वाटायची, म्हणून पहिले काही दिवस ती खिडकीतूनच बोलायची. मग मशीन थांबवून येऊ लागली. नाचणीने तिची चाहूल ओळखली आणि तिच्यासाठी दाराशी येऊन बसू लागली. चेची नसती तर नाचणी आमच्या घरात टिकली नसती, हे मी कुणापुढेही सांगते.

त्याच जानेवारीपासून इथला आठवडा बदलला होता. शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस. लेकाची शाळा शुक्रवारी दुपारच्या आत सुटू लागली आणि ती एक दुपार त्याच्या वाट्याला आली. एप्रिलमध्ये रमजान लागला. रमजानात खासगी नोकरीतही कामाचे दोन तास कमी होतात, सगळ्यांसाठी. मी तीनच्या सुमारास घरी येऊ लागले. तेव्हा नाचणी दात बदलत होती. दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस येतात, त्या दिवसांत हिरड्या फार दुखतात. फ्रीझरमधलं गाजर दोन्ही पंजांत धरून ती फरशीवर आडवी पडायची, डोळे मिटायची आणि चावायची. एक इवलासा दात लेकाला सतरंजीवर सापडला; त्याने तो काडेपेटीत ठेवलाय.

लशींचा क्रम पुरा होईपर्यंत तिला बाहेरच्या जमिनीवर सोडलं नाही, कारण पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. पण ह्याच दिवसांत पिल्लाने जग पाहायला हवं असतं. म्हणून संध्याकाळी तिला कडेवर घेऊन मझ्याद मॉलच्या बाहेर उभी राहायचे. ट्रॉल्यांचा खडखडाट, अबाया घातलेल्या बायका, सायकलवरचे डिलिव्हरीवाले, जवळच्या मशिदीतली अजान आणि तिच्यामागून जरा उशिराने लांबच्या मशिदीतली दुसरी. ती कान पुढे करून ऐकायची.

लशी झाल्या तसं घमेलं सरकवायला सुरुवात केली. मोरीतून अंगणात, अंगणातून फाटकाजवळ, आणि शेवटी फाटकाबाहेर प्लॉटच्या कडेला. तिथे एके सकाळी तिने घमेलं सोडून शेजारच्या वाळूत पाय रोवले. घमेलं नंतर मी धुऊन परत मोरीत ठेवलं, कारण उन्हाळा यायचा होता.

इथला उन्हाळा कुत्र्याच्या जिवावर उठतो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला बंदी आहे, ह्यावरून ऊन कळावं. डांबर इतकं तापतं की पंजाची कातडी भाजते. हाताची पालथी बाजू रस्त्यावर ठेवायची. सात-आठ सेकंद ठेववली नाही तर कुत्र्याला न्यायचं नाही. त्या महिन्यांत तिचं फिरणं पहाटे आणि रात्री, दुपारी पुन्हा मोरीतलं घमेलं. आणि जुलैत खजूर पिकले. वाऱ्याने पिकलेली फळं आमच्या अंगणात पडू लागली, ती गोड म्हणून नाचणी खाऊ लागली. फळाने काही होत नाही, पण बी आतड्यात अडकते. मी रोज पहाटे अंगण झाडू लागले. मालकीणबाईंनी ते वरून पाहिलं असावं. दोन दिवसांनी त्यांचा माळी शिडी घेऊन आला आणि आमच्या बाजूच्या सगळ्या घडांना जाळ्या बांधून गेला.

स्वयंपाकघराचे नियम वेगळे करावे लागले. तिचा भात-चिकन फोडणीच्या आधीच काढून ठेवायचा, कारण कांदा-लसूण कुत्र्याला विषारी. त्याहून भीती बेदाण्यांची. आई दरवर्षी तासगावचे बेदाणे पाठवते, ते सर्वांत वरच्या फळीवर बरणीत. सत्यनारायणाचा शिरा मी आता बेदाणे न घालता करते.

साधारण सहा महिन्यांची झाली तेव्हा नाचणी फाटकाकडे जाऊन आमच्याकडे वळून बघायला लागली. भुंकत नाही, ओरबाडत नाही. उभी राहते आणि बघते. त्यानंतर घरात पुसायची वेळ क्वचितच आली.

आज ती चार वर्षांची आहे. गळ्यात पट्टा असल्याशिवाय ती फाटकाबाहेर पडत नाही. परवाना, रेबीजची लस आणि बाहेर नेताना पट्टा हे २०१६च्या कायद्याने सक्तीचं केलेलं आहे. मानेत मायक्रोचिप आहे आणि अबुधाबी सरकारच्या ‘तम्म’ ॲपवर आमच्या नावाने नोंद आहे. तिच्या कागदांची फाइल आमच्या पासपोर्टांबरोबरच असते, कारण आम्ही इथे व्हिसावर राहणारी माणसं. नोकरी गेली तर थोड्या दिवसांत घर आवरावं लागतं, आणि त्या घाईत मागे सोडलेली कुत्री मी मुसफ्फाच्या रस्त्यांवर पाहते. गळ्यातला पट्टा तसाच असतो. भारतात मुंबईमार्गे न्यायचं तर रेबीजचा दाखला, आरोग्याचा दाखला आणि मुंबईच्या पशु संगरोध केंद्राची एनओसी लागते. ह्याला वेळ लागतो, ते शेवटच्या आठवड्यात होत नाही.

इथल्या मराठी मंडळींपैकी कुणी पिल्लू आणायचं म्हणत असेल तर जरूर आणा, आणि शक्यतो यार्डातलं, रस्त्यावरचंच आणा. मात्र दुपारी तुमच्या घराचं कुलूप कोण उघडणार, त्या माणसाच्या हातात किल्ली आधी द्या. आणि पिल्लाच्या परतीच्या तिकिटाचे पैसे पहिल्याच महिन्यापासून बाजूला टाकायला लागा.