पत्रिकेवर नाव नाही

आमच्या भागात हलगीशिवाय काही हालत नाही. पालखी उठायची तर हलगी. वरात निघायची तर हलगी. कुस्तीच्या मैदानात जोड लागायची तर हलगी-घुमकं. बेंदराला बैल मिरवायचे तर हलगी. पाटलाच्या घरचं मयत निघालं तरी पुढं हलगी. सांगली-सातारच्या पट्ट्यातला माणूस नुसत्या आवाजावरून सांगेल की आज गावात लग्न आहे का मरण. पण त्याला विचारा, वाजवतंय कोण? तो म्हणेल, "मांग वाजवत्यात." झालं. जात सांगितली की नाव सांगायची गरज संपली.

मी त्याच मांगवाड्यातला. माझा बाप पन्नासएक वर्षं हलगी वाजवत होता. दिवसा घायपाताच्या वाखाचे दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या आणि गावानं हाक मारली की हलगी घेऊन निघायचं. हलगी म्हणजे फार काही नाही. लोखंडी कडं, त्यावर ताणलेलं बोकडाचं कातडं. डाव्या हाताच्या बोटांत लांब बारीक काडी, उजव्या हातात आखूड टिपरू. वाजवायच्या आधी पाचट पेटवून तिला शेकायची. कातडं तापून ताणलं की मग ती बोलते. पावसाळ्यात दर घटकेला शेकावी लागते. बापाची बोटं कायम भाजलेली असायची.

ही कला आहे असं बापाला कुणी कधी सांगितलं नाही. ते त्याचं गावकीचं काम होतं. मोबदला म्हणजे सुगीला खळ्यावरचं बलुतं आणि सणाला उरलंसुरलं. 1972 च्या दुष्काळात बाप दिवसभर खडी फोडायचा. हात सुजलेले. तरी रात्री वरातीचा सांगावा आला की जायचा. आई म्हणायची, "आज नगा जाऊ." बाप म्हणायचा, "न्हाई म्हणून ऱ्हायचं कुठं?" गावात राहायचं तर वाजवलं पाहिजे, एवढा साधा तो हिशोब होता.

आणि पालखीत बाप सगळ्यांत पुढं असायचा. पण देवळाची पायरी आली की थांबायचा. हलगीचा आवाज पार गाभाऱ्यापर्यंत जायचा. बाप उन्हात उभा. जेवणावळीत शेवटी, घरून नेलेल्या ताटात, वरून टाकलेलं.

आता हलगीबद्दल तीन तऱ्हेची माणसं तीन गोष्टी सांगतात. गाव म्हणतं, वाजवा, तुमचा मान आहे. आमची शिकलेली पोरं म्हणतात, फेकून द्या, ही गुलामीची खूण आहे. आणि शहरातली सांस्कृतिक मंडळी म्हणतात, जपा, हा महाराष्ट्राचा वारसा आहे, आम्ही तुम्हाला सामावून घेतो. तिघंही हलगीबद्दल बोलतात. वाजवणाऱ्याबद्दल कुणीच बोलत नाही.

पोरांचं म्हणणं मला कळतं. आमच्याच गावचा महारवाडा बघा. 1927 ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. 1956 ला धम्मदीक्षा झाली. 1958 च्या कायद्यानं वतनं गेली. महारवाड्यानं ढोरं ओढायचं सोडलं, दवंडी सोडली, डफ खुंटीला टांगला. गावानं दात-ओठ खाल्ले. पण ते हटले नाहीत. बरोबर केलं त्यांनी. सक्तीची कला ही बिगार असते, तिला कितीही गोंडस नाव द्या.

पण त्यांनी गाणं सोडलं नाही, ही गोष्ट आमची पोरं विसरतात. सत्यशोधकांच्या जलशांनी आधीच वाट पाडलेली होती. भीमराव कर्डकांनी 1930 नंतरच्या काळात आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. साचा तमाशाचाच. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, सोंगाड्याची थट्टा तीच. पण गणपतीच्या जागी बाबासाहेबांना वंदन आलं. गौळण गेली आणि शाळा का शिकायची, पाण्यावर हक्क कुणाचा, याचे सवाल-जवाब आले. ज्याला अक्षर वाचता येत नव्हतं त्याला चळवळ ऐकू आली. वाद्य जुनंच होतं. धनी बदलला होता.

आमच्या मांगवाड्यातही हे घडलंय. अण्णाभाऊ साठे 1 ऑगस्ट 1920 ला वाटेगावात जन्मले. 1944 ला अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासंगं त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. मुंबईच्या कामगारांपुढं तमाशा नेला, त्यातला देवादिकांचा पसारा काढला, आणि कष्टाची, भाकरीची गोष्ट घातली. ज्या कलेला 'मांगा-महारांचा तमाशा' म्हणून नाकं मुरडली जायची, तीच लोकनाट्य झाली. म्हणजे फेकून देणं आणि मुकाट्यानं वाजवत राहणं यांच्यामध्ये तिसरी वाट आहे. ती आपल्याच माणसांनी पाडलेली आहे.

वारसावाल्यांचं मात्र वेगळं आहे. भाऊ-बापू मांग नारायणगावकर, असं त्या तमाशाच्या फडाचं नाव होतं. जात फलकावरच. त्या घरातल्या विठाबाईंनी हजारोंच्या गर्दीपुढं फड गाजवला. राष्ट्रपतींच्या हातून सन्मान घेतला. आणि शेवटची वर्षं हलाखीत काढून 2002 ला गेल्या. आता त्यांच्या नावानं सरकार तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगलं आहे. पण माणूस उपाशी असताना कला श्रीमंत कशी म्हणायची, हा प्रश्न त्या पुरस्कारानं मिटत नाही.

बापाचंच सांगतो. वृद्ध कलावंतांना सरकारी मानधन आहे. मी बापाचा अर्ज भरला. अर्जासोबत कलेचे पुरावे मागितले. कार्यक्रमाच्या पत्रिका, कात्रणं, फोटो, काय असेल ते. मी घरातली पत्र्याची पेटी उपसली. जत्रेच्या पत्रिका होत्या. त्यात अध्यक्षाचं नाव, देणगीदारांची नावं, मंडपवाल्याचं नाव, बेंजोवाल्याचं नाव. हलगीचं नाव नाही. एका पत्रिकेत होतं, "हलगीच्या निनादात पालखी निघेल." निनादात! जशी काय हलगी झाडाला लागते आणि वाऱ्यानं वाजते. फोटो एकच सापडला. पालखी मधोमध, पाटील मधोमध, आणि कडेला कापलेला एक हात, हातात हलगी. तो हात बापाचा. भाजलेल्या बोटांवरून मी ओळखला. कचेरीतला बाबू म्हणाला, "ह्यात तोंड कुठाय?" अर्ज तिथंच राहिला. बाप मानधनाविना गेला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. आम्हाला सामावून घेतो म्हणता, तर कशात? वाजवणाऱ्याचं नाव छापलं गेलं पाहिजे. त्याचा पैसा आधी ठरला पाहिजे. त्याचं पान त्याच पंगतीत मांडलं पाहिजे. आणि त्याला नाही म्हणता आलं पाहिजे. या चार गोष्टी नसतील तर ते सामावून घेणं नव्हे. ते जुनंच बलुतं आहे, फक्त आता त्याच्यावर रोषणाई आहे.

मग आम्ही वस्तीतच सुरुवात केली. समाजमंदिरात आठवड्यातून दोन सांजा हलगी शिकवतो. सगळे हात येणारे तीनच म्हातारे उरलेत. लग्नाचा हात वेगळा, कुस्तीचा वेगळा, लेझमीचा वेगळा, मयताचा वेगळा. पोरं मोबाईलवर ते हात भरून घेतात, आणि कुणाकडून घेतला त्याचं नाव वहीत लिहितात. मयताचा हातही शिकवतो. मयतापुढं वाजवायला जायचं नाही, पण बापजाद्यांकडून काय करून घेतलं ते पोरांना कळायला नको?

पाच पोरी आल्या. म्हातारे बिथरले. एक जण म्हणाला, "पोरींनी हलगी धरायची? उद्या लोकं तमाशात घालतील." त्यातली एक नववीतली पोरगी म्हणाली, "घातली तर पगार घीन की आज्या. तुमी फुकट वाजवलं." म्हातारा हसला आणि तिच्या हातात टिपरू दिलं.

मग गावातली लेझमीची पोरं आली. मराठ्यांची तीन, धनगराचा एक. आम्ही सांगितलं, शिकायचं तर इथं यायचं. चटईवर सगळ्यांबरोबर बसायचं, आमच्या माठातलं पाणी प्यायचं. तुमच्या वाड्यावर येऊन शिकवणार नाही. एक जण दुसऱ्या दिवसापासून आला नाही. तिघं अजून येतात. त्यांच्या घरी काय बोलणं होतं ते मी विचारत नाही.

जत्रेच्या कमिटीला आम्ही कागद दिला. वर सांगितलेल्या चार गोष्टी त्यात लिहिल्या आणि पाचवी घातली की पालखीसोबत वाजवणारे देवळात जातील. कमिटी म्हणाली, मांगांना माज आलाय. त्या वर्षी त्यांनी डीजे आणला. आमच्या बायकांना भांगलणीला बोलवायचं नाही अशी कुजबुज सुरू झाली. आम्ही पारावर जाऊन शांतपणे कायदा वाचून दाखवला. संविधानाच्या 23 व्या कलमानं बिगार बंद आहे. 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यात ती गुन्हा आहे, आणि 2015 च्या दुरुस्तीनं सामाजिक-आर्थिक बहिष्कारही त्यात आलाय. कुजबुज थांबली. भांगलणीचं बोलावणं उशिरा आलं, पण आलं.

दुसऱ्या वर्षी कमिटीच वस्तीत आली. डीजेवर पालखी नाचत नाही म्हणाले. पैसा ठरला, कागदावर ठरला. पंगत एक झाली. पत्रिका छापून आली तेव्हा बघतो तर बाकी सगळ्यांना 'मा.' आणि 'श्री.', आमची नावं नुसती, तीही अर्धी. पोरांनी पत्रिका परत पाठवल्या. कमिटी म्हणाली, छपाई झालीय, आता काय? पोरं म्हणाली, मग हलगी बी छापूनच घ्या. दोन दिवसांनी नवी पत्रिका आली. आठ नावं, आठांना 'श्री.' आणि 'कु.'.

पालखी देवळापाशी गेली. पोरं-पोरी वाजवत आत गेली. तिघा म्हाताऱ्यांतले दोघं गेले. तिसरा पायरीपाशीच थांबला. मी म्हणालो, "नाना, चला की." तो म्हणाला, "जा तुमी. पायाला सवय न्हाई." मी त्याच्याजवळ उभा राहिलो.

गाव बदललं असं मी म्हणत नाही. स्मशान अजून वेगळं आहे. पत्रिकेवरच्या 'श्री.'नं पोट भरत नाही. पण नववीतल्या त्या पोरीकडं तिच्या नावाची छापील पत्रिका आहे, फोटो आहे, त्यात तिचं तोंड आहे. माझ्या बापाकडं यातलं काही नव्हतं.

दोस्तहो, तुमच्या वस्तीत कुणी संबळ, सनई, डफ, तुणतुणं वाजवणारा म्हातारा असेल, जलशात गायलेली म्हातारी असेल, तर त्यांच्याकडं जा. पूर्ण नाव, गाव, कुणाकडून शिकले, कुठं कुठं वाजवलं, ते वहीत लिहा. फोटो काढताना तोंड येऊ द्या. कार्यक्रमाचा प्रत्येक कागद जपून ठेवा. बोलावणं आलं तर आधी विचारा, नाव छापणार का? नसतील छापणार तर जाऊ नका. आमच्या वहीत सतरा नावं झालीत. त्यातली सहा माणसं हयात आहेत. त्यांचे मानधनाचे अर्ज या महिन्यात भरायचे आहेत.