विद्यापीठाच्या वाटेवर जपून टाकलेले पाऊल

आपल्या साधू-साध्वींचे सारे जीवन पदविहारावर उभे आहे. वाहनाचा आजन्म त्याग, अनवाणी पाय आणि गावोगावची वाट. महाराजसाहेबांच्या आगमनाची वार्ता कळताच आपण वेशीपर्यंत सामोरे जातो, जयजयकार करीत काही पावले त्यांच्यासमवेत चालतो आणि घरी परतताना पुन्हा वाहनाला किल्ली लावतो. चालण्याला एवढा मान देणाऱ्या समाजातील श्रावकांचे स्वतःचे चालणे मात्र जवळजवळ थांबले आहे. पेढीवरची गादी, कार्यालयातील खुर्ची, मंदिराच्या किंवा स्थानकाच्या दारापर्यंत नेणारी स्कूटर, असा आपला दिवस सरतो. साठी उलटली की गुडघे, रक्तातील साखर आणि रक्तदाब हे तिन्ही जुने देणेकरी एकाच वेळी दारात उभे राहतात. बँकेच्या खुर्चीत आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

‘चालायचे खरे, पण कोठे?’ हा प्रश्नही रास्त आहे. खानदेशातील शहरे महामार्गांवर वसलेली आहेत. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे मार्ग एकमेकांना छेदतात, आणि जळगावच्या वस्तीतून त्यांपैकी दुसरा, पूर्वीचा क्रमांक ६ व आताचा ५३, जातो. पहाटे अशा रस्त्याच्या कडेने चालणे किती धोक्याचे आहे, हे विहारातील अपघातांच्या वार्तांनी आपल्याला वारंवार सांगितले आहे. म्हणूनच जळगावकरांना, आणि धुळ्याहून कामानिमित्त येणाऱ्यांनाही, एका वाटेची ओळख करून द्यावीशी वाटते. ती वाट कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या परिसरातील आहे.

जळगावपासून सुमारे आठ किलोमीटरवर, बांभोरीजवळ, गिरणा नदीच्या सान्निध्यात हा परिसर पसरलेला आहे. त्याचे क्षेत्र सुमारे ६५० एकर आहे. विद्यापीठाची स्थापना १५ ऑगस्ट १९९० रोजी झाली. तोपर्यंत खानदेशातील महाविद्यालये पुणे विद्यापीठाशी संलग्न होती, आणि एखाद्या गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठीही विद्यार्थ्याला रात्रभराचा प्रवास करावा लागे. जळगाव, धुळे आणि १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, या तिन्ही जिल्ह्यांचे हे विद्यापीठ. आरंभी येथे मुरमाड, उघड्याबोडक्या टेकड्या होत्या. पाणी अडवून, जिरवून आणि झाडे लावून ती जमीन हिरवी करण्यात आली. आज आपण ज्या सावलीतून चालतो ती कोणा माळ्याच्या, मजुराच्या आणि विद्यार्थ्याच्या श्रमातून उतरलेली आहे, याचे स्मरण चालताना असावे.

२०१८ मध्ये विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. असोदे हे त्यांचे माहेर, जळगाव सासर. १८८० साली जन्मलेल्या या माउलीला अक्षरओळख नव्हती. जात्यावर आणि शेताच्या वाटेवर त्यांना ओव्या सुचत. सोपानदेवांनी व घरच्यांनी त्या लिहून घेतल्या. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रीचे नाव विद्यापीठाने धारण करावे, हा मोठा योग आहे. रोज शेतापर्यंत चालत जाणारे ते पाय होते, हेही विसरू नये.

येथील अंतर्गत रस्ते डांबरी आहेत आणि महामार्गाच्या मानाने रहदारी अगदीच तुरळक. भूभाग उंचसखल असला तरी चढ सौम्य आहेत. प्रशासकीय इमारत, ग्रंथालय, निरनिराळ्या विषयांच्या प्रशाळा, वसतिगृहे आणि क्रीडांगण यांच्यामध्ये मोकळी जागा विपुल आहे. सकाळच्या वेळी टिटवीची हाक, कडुनिंबातून येणारी वाऱ्याची झुळूक आणि धावण्याचा सराव करणारी मुले, एवढीच काय ती गजबज. पोलीस वा सैन्यभरतीसाठी घाम गाळणारी ही खेड्यापाड्यांतील मुले आपल्याला ओलांडून पुढे जातात, तेव्हा आपल्या मंद गतीचा संकोच वाटू देऊ नये. त्यांना वेळ गाठायची आहे. आपल्याला आरोग्य टिकवायचे आहे.

आरंभ कसा करावा? पहिला आठवडा केवळ सपाट रस्त्यावर दहा मिनिटे जाणे आणि दहा मिनिटे परत येणे पुरे. परतीचे अंतरही आपल्यालाच चालायचे असते, हे उत्साहाच्या भरात अनेकजण विसरतात. नंतर दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवावीत आणि पायांना सवय झाल्यावरच चढाची वाट धरावी. चढताना गती कमी, उतरताना पाऊल आखूड. गुडघ्यांवर खरा भार उतारावर येतो. चालता चालता बोलता यावे, परंतु स्तवन गाता येऊ नये, ती योग्य गती. छातीत दडपण किंवा विलक्षण धाप जाणवल्यास तेथेच थांबावे आणि विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाची आहे. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. दहा हजार पावलांचा जो बोलबाला आहे, त्याचे मूळ १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावात आहे. २०१९ साली अमेरिकेत वृद्ध स्त्रियांच्या अभ्यासात आढळले की दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा बरेच कमी होते, आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर लाभ फारसा वाढला नाही. आवर्ती ठेवीप्रमाणे येथे रकमेपेक्षा हप्ता न चुकणे महत्त्वाचे.

आता आपल्या धर्माने सांगितलेली गोष्ट. पाच समितींमध्ये पहिली ईर्यासमिती. दिवसाच्या प्रकाशात, रुळलेल्या मार्गावरून, पुढची सुमारे चार हात भूमी निरखीत, कोणताही जीव पायाखाली येऊ न देता चालणे. ही मुनींची मर्यादा असली तरी श्रावकाला तिच्यातून पुष्कळ घेता येते. मृगाच्या सरींनंतर या परिसरात मखमली लाल किडे, पैसा आणि गोगलगायी वाटेवर येतात. चातुर्मासात साधू-साध्वी विहार थांबवितात तो याच करुणेने. त्या काळात आपण गवताची पायवाट सोडून स्वच्छ डांबरी रस्ता धरावा आणि मोबाईल खिशात ठेवावा. विशेष असे की, ज्याची दृष्टी वाटेवर आहे तो ठेचकाळत नाही. म्हातारपणी एका पडण्याने माकडहाड वा खुबा मोडतो आणि घराचे सारे गणित बदलते. जीवदया आणि स्वतःचे रक्षण येथे एकाच पावलात साधते.

काही पथ्ये सांगणे आवश्यक आहे. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या दिवसांत सूर्योदयानंतर लगेच निघून ऊन तापण्यापूर्वी घरी यावे. साखर कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी उपाशीपोटी चालण्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पर्युषणात उपवास वा अठ्ठाई करणाऱ्यांनी लांब फेरी टाळावी. चौविहार पाळणाऱ्यांना एक सोय आपोआप लाभते: सूर्यास्तापूर्वीच्या भोजनानंतर घराजवळ दहा-पंधरा मिनिटांची शतपावली केल्यास साखर एकदम चढत नाही.

विद्यापीठ हे प्रथम विद्यार्थ्यांचे आहे. आपण तेथे पाहुणे. प्रवेशद्वारावर सुरक्षारक्षकांना विचारून, ओळखपत्र जवळ ठेवून आत जावे. ग्रंथालयाजवळ मोठ्याने बोलू नये, परीक्षेच्या दिवसांत तर मुळीच नाही. धुळेकरांनी आपल्या शहरातील एखाद्या महाविद्यालयाच्या मैदानाची अशीच रीतसर परवानगी मागावी.

आणि शक्य तो एकट्याने जाऊ नये. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेली, घरात दोघेच, अशी आपली कितीतरी घरे आज आहेत. शेजारच्या काकूंना, पेढी मुलाच्या हाती सोपवून रिकाम्या झालेल्या काकांना बरोबर घ्यावे. साधर्मिक वात्सल्य जेवणावळीतून व्यक्त होते तसेच ते एखाद्याच्या मंद पावलांशी आपले पाऊल जुळविण्यातूनही व्यक्त होते. जय जिनेंद्र.