चार पत्र्यांची परवानगी



गावच्या घरामागे पत्र्याची शेड टाकून स्वयंपाकाचा ओटा बांधायचा म्हटला की पहिला प्रश्न येतो, "त्याला कशाला परवानगी?" आम्हालाही सगळ्यांनी हेच विचारले. भाटघरच्या आमच्या घरी वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद अशी फरशी घालायची होती. त्यावर पत्रे, एका बाजूला मोठ्या शेगडीचा ओटा आणि भांडी घासायची मोरी. कारण मोठे होते. आमच्या मोठ्या जाऊबाईंचे (आम्ही सगळे त्यांना भाभी म्हणतो) वर्षीतप चालू होते. एक दिवस उपवास, एक दिवस बियासणा, असे वर्षभराहून अधिक काळ. वयाच्या बहात्तराव्या वर्षी! पारणे अक्षय तृतीयेला गावच्या घरीच करायचे, ही त्यांची एकच इच्छा. दीडशे माणसांचा स्वयंपाक आतल्या लहान स्वयंपाकघरात होणार नव्हता.

मी बी.कॉम. झाले, नोकरी केली नाही, पण घरातले कागद मात्र माझ्याकडेच असतात. म्हणून चौकशीचे काम माझ्याकडे आले. जे समजले ते तुमच्याही उपयोगाचे आहे.

आधी हे पाहायचे, की घर गावठाणात आहे का. गावठाणातले घर असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे बांधकामाला ग्रामपंचायतीची परवानगी लागते. गावठाणाबाहेर शेतजमीन असेल तर बिगरशेती आणि महसूल खात्याचा प्रश्न येतो. भोर तालुक्यातली काही गावे पीएमआरडीएच्या हद्दीतही आहेत, तिथे त्यांचे नियम. फरशी बदलणे, गिलावा, आहे त्याच उंचीवर छप्पर पुन्हा घालणे, अशा दुरुस्तीला सहसा परवानगी लागत नाही. पण खांब रोवून नवे छप्पर उभे केले की ते बांधकाम होते. चार पत्रे असले तरी!

२०२१ साली राज्य सरकारने गावांसाठी हे काम सोपे केले. सोळाशे चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर नगररचना खात्याकडे जावे लागत नाही. मालकीची कागदपत्रे आणि परवानाधारक अभियंत्याचा नकाशा ग्रामपंचायतीत द्यायचा, विकास शुल्क आणि कामगार उपकर भरायचा. आमचा भूखंड त्यात बसत होता. मला वाटले, महिन्यात काम होईल.

अडचण आली ती पहिल्याच कागदावर. नमुना आठचा उतारा काढला, तर घर दोन नावांवर. एक आमच्या ह्यांचे, दुसरे जेठजींचे. जेठजींना जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या जागी अजून कोणाचेच नाव नव्हते. भाभींचेही नाही. अर्जावर सर्व मालकांच्या सह्या लागतात, आणि गेलेल्या माणसाची सही कुठून आणायची?

असे प्रसंग आले की मदत करणारे लगेच भेटतात. एका गृहस्थांनी सांगितले, "काकी, त्यांची सही मी करून आणतो. चार पत्र्यांसाठी कोण तपासतंय?" रक्कमही सांगितली. फार नव्हती. गवंड्याला तारीख दिलेली होती, पारण्याला चार महिने राहिले होते. पुतण्या पुण्याहून फोनवर म्हणाला, "काकी, आधी ओटा होऊ दे. वारस नोंद नंतर करू. आणि त्यात ताईंची नावं कशाला? त्या आपापल्या घरी सुखी आहेत."

मैत्रिणींनो, आपण पाक्षिक प्रतिक्रमणात अतिचार म्हणतो. तिसऱ्या व्रताच्या, अदत्तादानाच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम येतो, म्हणजे राज्याचा नियम ओलांडून केलेला व्यवहार. व्यापाऱ्याच्या घरात तो जकात, वजन-माप ह्यांपुरता समजावला जातो. पण गेलेल्या माणसाची सही करणे म्हणजे दुसरे काय? आणि मुलींना न विचारता त्यांचा हक्क बाजूला ठेवणे, हे न दिलेले घेणेच नाही का? तपाच्या पारण्याचा स्वयंपाक त्या ओट्यावर कसा करायचा?

मी ह्यांना एवढेच म्हटले, "पारण्याला ओटा नसला तरी चालेल, भाभींचं नाव नसलं तर चालणार नाही."

मग पुतण्याशी बोलले. भांडले नाही, कायदा सांगितला. हिंदू वारसा कायदा, १९५६ आपल्या जैनांनाही लागू आहे. पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या वाट्यात बायको, मुलगे, मुली, आणि आई हयात असेल तर आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. मुलीचे लग्न झाले म्हणून तो कमी होत नाही. एखादीला हिस्सा नको असेल तर तिने स्वतः रीतसर हक्कसोड द्यावा, तिच्या वतीने दुसऱ्याने ठरवू नये. तो गप्प राहिला. दोन दिवसांनी भाभींनीच त्याला फोन केला. त्या दिवशी त्यांचा उपवास होता. त्या म्हणाल्या, "बेटा, माझं पारणं ताईंच्या हातच्या रसानं होणार आहे. त्यांचं नाव कागदावर नको, असं मी त्यांना कसं सांगू?" पुढच्या रविवारी तो स्वतः मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र घेऊन आला.

वारस नोंदीचा अर्ज मासिक सभेपुढे गेला, मंजूर झाला. ह्यात वेळ गेला. त्यानंतर सगळ्यांच्या सह्यांचा परवानगीचा अर्ज दिला. मोजणीत आणखी एक गोष्ट निघाली. मागच्या बाजूची पाच फूट जागा आमची नव्हतीच, हद्दीचा दगड अलीकडे होता. पलीकडची जमीन धरणासाठी संपादित झालेली.

आमच्याकडे हे नवे नाही. १९२७ साली इथले लॉईड धरण पुरे झाले, वेळवंडी नदी अडली, आणि पाणी नीरेच्या कालव्यांनी खाली बारामती-फलटणकडे गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की कांबऱ्याचे शिवमंदिर वर येते, मोकळी जमीन दिसते. कुणालाही वाटेल की ती पडीकच आहे. पण गाळपेर करणारा शेतकरीसुद्धा ती रीतसर परवानगीने कसतो. कोरडी दिसली म्हणून जमीन आपली होत नाही. आम्ही ओटा वीसऐवजी पंधरा फुटांचा केला. मोरीचे पाणी उताराने जलाशयाकडे जाऊ नये म्हणून नकाशातच शोषखड्डा दाखवला. पाणी गाळून वापरणाऱ्या घराने खरकटे तलावात सोडणे बरे दिसत नाही.

परवानगी हातात आली तेव्हा अक्षय तृतीया अकरा दिवसांवर होती. ओटा झाला नाही. पारणे अंगणात मांडवाखाली झाले. स्वयंपाक शेजारच्या दोन घरांत वाटून केला, सूर्यास्ताआधी सगळ्यांची पाने उठली. श्रेयांसकुमारांनी ऋषभदेव भगवंतांना वोहरावलेल्या उसाच्या रसाची आठवण म्हणून दोन्ही मुलींनी भाभींना रस दिला. पुतण्या घडा धरून उभा होता.

ओट्याचे काम त्यानंतर सुरू केले आणि आषाढी चौमासीच्या आधी खोदाई, खांब उरकून घेतले. चातुर्मासात जमीन खणायची नाही हा आमच्या घरचा नियम. फरशी कार्तिकी पौर्णिमेनंतर बसली. ह्या सगळ्याचा खर्च माझ्या वहीत आहे. नकाशा, शुल्क, उपकर आणि प्रतिज्ञापत्र मिळून जेवढे झाले, ते त्या गृहस्थांनी मागितलेल्या रकमेपेक्षा थोडे जास्तच होते. पण प्रत्येक पैशाची पावती आहे.

नव्या नमुना आठवर आता पाच नावे आहेत. नमुना आठ हा घरपट्टीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे, हे लक्षात ठेवा. तरी सुरुवात तिथूनच होते. भाभींनी उतारा हातात घेतला, चष्मा लावला, आणि आपले नाव दोनदा वाचले. "सासरी येऊन एकावन्न वर्षं झाली," एवढेच म्हणाल्या.

तुमच्या गावाकडच्या घराचा उतारा तुम्ही शेवटचा कधी पाहिला? आपले सरकार पोर्टलवरही अर्ज करता येतो. घरात कोणी गेले असेल तर वारस नोंद झाली का, ते पाहा. काही बांधायचे नसले तरी पाहा. आणि मुलींची नावे आहेत ना, तेही.

जय जिनेंद्र.