मुका मोडेम

२००४ सालची दिवाळी. धाकटी बहीण कॅनडात नुकतीच बाळंत झालेली. बाळाचा फोटो ई-मेलने येणार म्हणून आई सकाळपासून माझ्या लॅपटॉपसमोर ठाण मांडून बसलेली. आणि मी शहाण्याने त्याच आठवड्यात मोठ्या हौसेने त्यावर लिनक्स चढवले होते!

आतला मोडेम मुका झाला. तपास केला तेव्हा कळले की, तो निम्माच मोडेम आहे. तारेवरच्या आवाजाचा अर्थ लावण्याचे खरे काम तो ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमकरवी लॅपटॉपच्या प्रोसेसरकडून करून घेई. आणि तो ड्रायव्हर विंडोजपुरताच लिहिलेला. स्वयंपाकी ठेवावा आणि त्याने 'मी फक्त ढवळतो' म्हणावे, तशातली गत!

लिनक्सचा ड्रायव्हर होता इंटरनेटवर. म्हणजे पोहरा विहिरीच्या तळाशी. सायबर कॅफेत खेपा सुरू झाल्या. (तिथेच आईला का नेले नाही? तिचे गुडघे आणि तिथले दोन जिने.) पहिल्या खेपेचा ड्रायव्हर कर्नेलच्या आवृत्तीशी शेवटच्या आकड्यात जुळेना. पत्रिका पाहणारे भटजीही इतके काटेकोर नसतात. दुसऱ्या खेपेस मूळ संहिता आणून घरीच ड्रायव्हर घडवला. मोडेम बोलला : 'डायल टोन नाही.' रिसीव्हर कानाला लावला, तर टोन खणखणीत! त्याला आमच्या एक्स्चेंजचा सूरच ओळखता येईना. तिसऱ्या खेपेस उतारा सापडला : एटीएक्स३. टोनची वाट न पाहता नंबर फिरव, असा हुकूम.

मोडेम किंचाळला. फोटो पट्टीपट्टीने उमटू लागला. टोपडे, कपाळ, भुवया... आणि लाइन तुटली.

मी पुन्हा नंबर फिरवू लागलो.

"राहू दे रे घटकाभर," आई पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "कपाळ अगदी ह्यांचं आहे."