गिरह आणि गाठ

मराठीत एखादी गोष्ट विसरू नये म्हणून मनाशी खूणगाठ बांधतात. उर्दूत बडे-बुजुर्गांची नसीहत 'गिरह में' बांधून ठेवतात. वाढदिवसाला आपण 'सालगिरह' म्हणतो, कारण पूर्वी दर वर्षी दोऱ्याला एक गाठ वाढवीत. दोन्ही भाषांनी गाठीचे नाते आठवणीशी जोडले आहे. प्रत्यक्षातल्या गाठी मात्र आम्ही विसरत चाललो आहोत.

मालेगावच्या उर्दू शाळेत आम्ही स्काऊटचा तासही घेतो. नुसती नावे पाठ केली तर गाठी आठवड्यात विसरतात, कामाशी जोडल्या की राहतात, हा आमचा अनुभव. 'रीफ नॉट' म्हणजे उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. ती सपाट बसते, रुतत नाही, म्हणून जखमेच्या पट्टीला चांगली. पण वजन पेलायला दोन दोऱ्या जोडायच्या तर तिच्यावर विसंबू नये. बकरी ईदचा बकरा बांधताना गळ्यात सरकफास नको. ओढ बसली की तो आवळतो. तिथे न सरकणारी 'बोलाईन' हवी.

एकदा 'शीट बेंड' शिकवत होतो. एका दोरीचा मुडपा करायचा. दुसरीचे टोक त्यातून खालून वर काढायचे, मुडप्याच्या दोन्ही पदरांना मागून वेढा द्यायचा आणि ते टोक तिच्याच दोरीखालून ओढून घ्यायचे. आम्ही अर्ध्यावर असतानाच सातवीतला एक मुलगा ओरडला, "सर, ये तो अब्बा वाली गाँठ है!" मराठी शुद्धलेखनात दर वेळी मागे राहणारा हा मुलगा. त्याने दप्तरातला दोरा काढला आणि डोळे मिटून गाठ मारून दाखवली. त्याचे म्हणणे खरे होते. यंत्रमागावर तुटलेले सूत सांधणारी विणकराची गाठ ती हीच. कोकणातले आपले दालदी भाई जाळ्याचे डोळे विणतात, तेही याच गाठीने.

आम्ही त्याच्या वडिलांना शाळेत बोलावले. प्रगतिपत्रकावर अंगठा उठवणारा माणूस, दारातच थबकला. "मास्टर साहब, क्या शरारत की इसने?"

"शरारत कुछ नहीं, चचा. आज आप पढ़ाइए."

तासभर त्यांनी मुलांना सूत सांधायला शिकवले. बोटे एवढी झरझर चालत की मुले पुन्हा पुन्हा "आहिस्ता, चचा" म्हणत. त्यांचा मुलगा पहिल्या बाकावर ताठ बसला होता.

बी.एड.ला आम्ही 'कृतीतून शिक्षण' यावर पानेच्या पाने लिहिली होती. त्याचा अर्थ आम्हाला त्या तासाला पटला. आता सूत सांधणारी यंत्रे आली आहेत. बोटांतली ही विद्या पुढच्या पिढीला न देताच संपेल. म्हणून दर वर्षी आम्ही एका पालकाला बोलावतो. कधी ट्रकवर ताडपत्री आवळणारा क्लीनर येतो, कधी गोण्या बांधणारा हमाल. आपल्या मुलांना पुस्तक हवेच, त्यात तडजोड नाही. पण आपल्या बापालाही काही येते, हेही त्यांनी गिरह में बांधून ठेवावे.